दोन्ही टोकं एकाच डब्यात

मेची बावीस तारीख, रात्र, कूलरच्या पुढ्यात
मी स्विचचा धडा तिसऱ्यांदा वाचतो आहे.
वाळ्याची ताटी सुकली की पान हाताला गरम लागतं.
टेबल म्हणजे छबूची शिलाई मशीन, झाकण लावलेली.
तिच्यावर चोवीस पोर्टांचा जुना स्विच,
इतवारीच्या भंगारातून साडेआठशेला आणलेला.
त्याचा पंखा कूलरहून मोठ्याने बोलतो.

पुस्तक म्हणतं, स्विच कुणाला विचारत नाही तू कोण.
कुणी बोललं, की कोणत्या दारातून बोललं ते लिहून ठेवतो.
अनोळखी नावाचं काही आलं,
तर ज्या दारातून आलं ते सोडून सगळी दारं वाजवतो.
हे मला शिकवायची गरज नव्हती.
हुडकेश्वरला प्लॉट नंबर एकोणसत्तर शोधत
मीही हिंडलोय, खांद्यावर वायरचं भेंडोळं.
अडुसष्टच्या शेजारी एकशे बारा,
आणि एकोणसत्तर नाल्यापलीकडे, मेश्रामबाईंचा:
"इंटरनेटवाला काय? आता आला का बाप्पा?"

तीनशे सेकंद कुणी गप्प राहिलं की त्याचं नाव पुसलं जातं.
या ओळीखाली पेन्सिल ओढली.
धाकटा भाऊ सुरतेला आहे.

पुढचं पान. लूप.

मागच्या दिवाळीआधी, खांबावरच्या पेटीत,
घाईत एका वायरची दोन्ही टोकं मी एकाच डब्यात खोचली.
सारे दिवे एकदम लुकलुकू लागले,
हिरवे, एका तालात.
मला वाटलं, झकास चाललंय.
आत एकच हाक फिरत होती, दुप्पट, चौपट,
कुणाचीच नाही, कुणासाठीच नाही,
आणि खाली एकशे चाळीस घरं बंद.
टिकारामभाऊ शिडीखाली उभे:
"काऊन बे, अख्खा ले-आउट झोपवला तू?"
पगारातून पंधराशे कापले.
त्याहून जास्त लागलं ते हे, की काय झालं ते सांगता येईना.
"वायर लावली जी," एवढंच म्हणत राहिलो.

आता त्याला नाव आहे. ब्रॉडकास्ट स्टॉर्म.
आकृती आहे: दोन चौकोन, दोन रेघा, गोल फिरणारा बाण.
म्हणजे कुठल्या तरी थंड देशात
कुण्या शिकल्यासवरल्या माणसाने हेच केलं होतं,
आणि त्याच्याही शिडीखाली कुणीतरी ओरडलं असेल.
त्याशिवाय का इलाज निघाला?

इलाज साधा. एक दार मिटून ठेवायचं.
वायर तोडायची नाही, काढायचीही नाही.
ते दार बोलत नाही, पण कान देऊन असतं.
दुसरी वाट तुटली, की उघडतं.

संध्याकाळी पूर्वजाने वही धरून माझी परीक्षा घेतली.
सहावीत गेली आता, आवाज बाईंसारखा काढते.
"रूट ब्रिज कोण?"
ज्याचा नंबर सगळ्यात लहान, तो.
"आणि कुणी काही ठरवलंच नाही तर?"
तर बहुतेक सगळ्यात जुनाट डबा राजा होतो.
"टिकारामकाका!" म्हणून ती हसत सुटली.
मी हसलो नाही.
परीक्षेची फी, माझा अडीच महिन्यांचा पगार,
भाऊंनीच उचल दिली आहे,
चिठ्ठी न लिहिता, नोटा न मोजता,
"पास झाला का पळशील बे तू," असं म्हणत.

साडेबाराला लाइट गेली.
कूलर थांबला. स्विच थांबला.
एवढी शांतता, की ताटीतून टपकणारं पाणी मोजता यावं.
लाइट आली तेव्हा डब्याला काहीच आठवत नव्हतं.
तो आधी स्वतःलाच तपासत बसला,
मग माझ्या पोर्टचा दिवा लागला, नारिंगी.
पंधरा सेकंद ऐकणं. पंधरा सेकंद शिकणं.
मग कुठे पुढे पाठवणं.
मी ओठांत मोजत होतो.
छबूने कूस बदलली. "झाला काय हिरवा?"
नाही, म्हटलं. शिकून राहिला अजून.